सुपातले खडे

सांगली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. ऑफिसात मालवणी हेल लपवता लपवता जीव दमतो, आईशी फोनवर बोलतानाच काय ते मोकळं वाटतं, असं तू लिहिलंस. ते वाचल्यापासून तालमीतली एक गोष्ट तुला सांगायची आहे.

नाटकात मी थोरला भाऊ झालोय. धाकटा गेल्याचा फोन येतो, एवढाच प्रवेश. दिग्दर्शक म्हणाले, "नॅचरल कर." मी खांदे पाडले, आवाज खोल नेला, मध्ये मध्ये थांबलो. सगळं खोटं वाटत होतं, त्यातही ते थांबणं तर फारच.

घरी येताना आत्या आठवली. धाकटे काका गेले तेव्हा ती ओसरीवर गहू निवडत होती. निरोप मीच सांगितला. तिचा हात थांबला नाही. खडे वेचून वाटीत टाकत राहिली. सूप संपल्यावर पदराला हात पुसून म्हणाली, "कधी नेणार?" बाई कोरडीच, असं नंतर लोक बोलले. पण मी शेजारी बसलो होतो रे. शेवटी शेवटी ती खड्यांबरोबर चांगले गहूही वाटीत टाकत होती.

रात्री पुन्हा 'कुंकू' सिनेमा पाहिला, प्रभातचा, 1937 चा. त्याचे दिग्दर्शक शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. त्या घरात, त्या रस्त्यावर जे कानावर पडेल तेवढंच आपण ऐकायचं. आता रडा, असं सांगायला सारंगी येत नाही. आणि नवऱ्याच्या भूमिकेत केशवराव दाते! म्हातारपणी कोवळ्या मुलीशी लग्न करणारा माणूस खलनायक करून सोडणं सोपं होतं. दात्यांनी त्याला माणूस ठेवलं. तरुणपणी हेच दाते रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे. चालणं, बसणं, बघणं सगळं शिकून अंगात मुरवलेलं, म्हणूनच काय गाळायचं ते त्यांना कळत असणार. सहजपणा उपजतच लागतो, हे मला आता पटत नाही.

माझी चूक तेव्हा लक्षात आली. फोनवरचा माणूस काय सांगतोय ते मी ऐकतच नव्हतो, सगळं लक्ष स्वतःच्या चेहऱ्यावर. तुझंही तसंच होत असेल का? जिभेवर पहारा ठेवताना समोरच्याचं बोलणं निसटत असेल. हेल येऊ दे रे. तो तुझ्या आईचा आहे.

परवा मी फक्त फोन ऐकला. दिग्दर्शक काहीच बोलले नाहीत, पुढचा प्रवेश घ्या म्हणाले.

प्रयोग 14 तारखेला आहे. ये. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच