देवाचा निवाडा: सुहासला पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. भाऊ गेल्यानंतर तू पहिल्यांदाच इतकं सविस्तर लिहिलंस, बरं वाटलं. पण शेवटी तू जे म्हटलं आहेस, की विज्ञानाचा हात देवापर्यंत पोचत नाही आणि माणसाची नीती त्याला लागू होत नाही, म्हणून आपण गप्पच बसावं, ते मला पटत नाही. इतर कुणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. तुझ्या बाबतीत सोडवत नाही, कारण हे गप्प बसणं तुला आतून जाळतंय असं मला वाटतं.

आधी विज्ञानाचं बघू. कुठंतरी, कसल्यातरी रूपात देव आहे का, एवढ्या मोघम प्रश्नाला प्रयोगशाळेत उत्तर मिळणार नाही, हे मान्य. पण भाविक माणूस एवढ्यावर कुठं थांबतो? देव हाकेला धावतो, दुखणं बरं करतो, असं तो म्हणतो. देव जगात काही घडवतो म्हटलं की ते तपासता येतं, आणि लोकांनी तपासलंही आहे. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांमधल्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींसाठी अनोळखी लोकांनी रोज प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे या दोन्ही गटांना माहीत नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली ती पहिल्या गटात ५२ टक्के रुग्णांना, दुसऱ्यात ५१ टक्के. तिसऱ्या गटाला मात्र आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे नक्की सांगितलेलं होतं, आणि तिथं हा आकडा ५९ निघाला. यावरून देव नाही असं सिद्ध होत नाही. परीक्षेला बसायला देव बांधलेला नाही, असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे त्यावर उत्तर नाही. पण अनोळख्यांच्या प्रार्थनेनं रुग्ण बरे होतात, हा एक ठाम दावा तिथं टिकला नाही, एवढं तरी कबूल करायला हवं.

उलट बाजूनेही घाई नको. विश्वाला प्रसरणशील मानून त्याचा आरंभ एका आदिम अणूत शोधणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या नव्या विश्वशास्त्रात सृष्टिकर्त्याची साक्ष पाहिली, ते लमेत्र यांना रुचलं नाही. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, अशीच त्यांची भूमिका राहिली. श्रद्धावान माणसाने हाती आलेला पुरावा असा बाजूला ठेवावा, याचं मला फार मोल वाटतं.

आता नीतीचं. तुझं खरं दुखणं इथं आहे, आणि माझंही.

देव दयाळू आहे असं आपण म्हणतो, तेव्हा दया म्हणजे काय हे आपण माणसांकडूनच शिकलेलो असतो. दुसरीकडून कुठून शिकणार? तू रात्र रात्र भावाच्या उशाशी बसलास, ती दया. मग तीच कसोटी देवाची स्तुती करताना चालते आणि त्याला जाब विचारताना चालत नाही, हे कसं? माणसाची नीती देवाला लागू नसेल तर त्याला 'करुणामय' म्हणायचीही सोय उरत नाही. मग तो फक्त बलाढ्य उरतो. बलाढ्याला आपण भिऊ शकतो. त्याच्यावर प्रेम करायला आणखी काहीतरी लागतं.

१ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनमध्ये भूकंप झाला, तेव्हा सर्व संतांचा सण होता आणि लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमले होते. छपरं कोसळली, मागून समुद्र आत शिरला, शहर पेटलं. माणसाच्या इच्छास्वातंत्र्यातून दुःख येतं, हे उत्तर युद्धाला लागू पडेल; जमीन हलली त्यात कुणाची इच्छा होती? आणि पृथ्वीवर माणूस यायच्या आधीपासूनचं मुक्या जिवांचं दुःख तर बाजूलाच राहिलं. डार्विनने मे १८६० मध्ये एसा ग्रे या आपल्या श्रद्धाळू वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला पत्र लिहिलं. ज्यांच्या अळ्या जिवंत सुरवंटाला आतून खात वाढतात, असे कीटक एखाद्या दयाळू, सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम घडवले असतील, हे आपल्या मनाला पटत नाही, असं त्यात आहे. त्याच पत्रात, हा सगळा विषय माणसाच्या बुद्धीला झेपणारा नाही, असंही त्याने लिहिलंय. दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही.

तू म्हणशील, लहान मुलाला सुई टोचताना आईही निर्दयच वाटते. खरं आहे. पण आई त्याला छातीशी धरून असते, आणि मोठं झाल्यावर मुलाला कारणही कळतं. सुरवंटाला काय कळणार आहे?

आपल्याकडे तर हा आरोप खुद्द ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथातच, उभा केलेला आहे. दुसऱ्या अध्यायात वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, हे दोष ईश्वराला लागतात का, असा थेट विचार आहे. उत्तर असं की नाही, कारण तो जीवांच्या कर्मांनुसार फळ देतो. या सूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्य पावसाचा दृष्टान्त देतात: पाऊस सगळ्यांना सारखाच, पीक ज्याच्या त्याच्या बियाण्याप्रमाणे. मग पहिलं कर्म कुठून आलं? तर संसार अनादि आहे. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. त्याने पक्षपाताचा डाग पुसला जातो, पण तापाने फणफणलेल्या मुलाकडे बघून 'तुझंच मागचं फळ' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरी एक गोष्ट बघ: विचारणाऱ्याला त्यांनी 'तुला अधिकार नाही' म्हणून गप्प केलं नाही. आरोप पूर्ण मांडला आणि उत्तर देणं आपलं काम मानलं.

या सगळ्यातून देव नाही असं ठरतं का? नाही. सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि करुणामय या तिन्हींची मोट बांधणं फार अवघड आहे, एवढंच ठरतं. त्यांतलं एक सोडलं तर देव असू शकतो. आपली पर्वा नसलेलाही असू शकतो. नीतीला अस्तित्वाचा निकाल देता येत नाही. पण कुणापुढे मान झुकवायची, ते तिलाच ठरवावं लागतं. मी अजून झुकवलेली नाही, आणि दारही लावून घेतलेलं नाही.

'देवाच्या मनातलं आपल्याला काय कळणार' असं तुला त्या दिवसांत जो तो सांगत होता. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण भावाचं जाणं अन्याय्य होतं असं तुला वाटत असेल, तर ते मोठ्याने म्हण. तसं म्हटल्याने तू नास्तिक होत नाहीस आणि कृतघ्न तर मुळीच नाही.

कर्माच्या उत्तराबद्दल तुझं मत माझ्याहून वेगळं असेल, असा माझा अंदाज आहे. ते सविस्तर लिही, मला ते खरंच समजून घ्यायचं आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनय