भावाला कुणी विचारलंच नाही

मा. संपादक,
स. न.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून बौद्धिक दिव्यांग. मूत्रपिंडं निकामी होऊन गेल्या वर्षी, ५१व्या वर्षी तो गेला. शेवटचे ११ दिवस इथल्याच एका दवाखान्यात होता. डायलिसिसची वेळ झाली की सुईचा हात चादरीखाली दडवायचा आणि म्हणायचा, "आक्का, घरला चल की." डॉक्टर म्हणाले, "त्याला काय कळतंय? तुम्ही सही करा." मी केली. तो हात चादरीतून बाहेर काढून धरलाही मीच.

उपचार थांबवायला हवे होते, असं मी म्हणत नाही. त्याला सांगायला आणि विचारायला हवं होतं.

मरण त्याला कळत नाही, हे आम्हीच ठरवून टाकलं होतं. आबांची रक्षा विसर्जन करून पंचगंगेवरून घरी आलो, तेव्हा त्यानं दारातल्या आबांच्या चपला उचलल्या, धुतल्या आणि कपाटात ठेवल्या. माझ्या मुलीला म्हणाला, "आबा आता येत न्हाईत." याहून जास्त आपल्याला तरी काय कळतं?

सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राद्वारे कृत्रिम जीवरक्षक उपचार नाकारण्याचा हक्क मान्य केला, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. पण ते इच्छापत्र मानसिकदृष्ट्या सक्षम सज्ञान व्यक्तीनंच करायचं. म्हणजे माझ्या भावासारखे तिथंच बाजूला पडतात. उलट २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा त्यांना इतरांच्या बरोबरीनं कायदेशीर क्षमता देतो. मर्यादित पालकानंही, म्हणजे ठरावीक निर्णयापुरत्या नेमलेल्या पालकानंही, त्या व्यक्तीशी बोलून, दोघांच्या समजुतीनंच निर्णय घ्यायचा, असं त्यात आहे. मला हे तो गेल्यावर समजलं.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार पालकत्वाचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती देते. माझी विनंती आहे, की आपल्या समितीनं दाखल्यासोबत आणखी एक कागद भरून घ्यावा: या माणसाला कशाची भीती वाटते, दुखलं तर तो कसं सांगतो, 'नको' कसं म्हणतो, कुणाजवळ शांत होतो. सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयासह सगळ्या दवाखान्यांनी सहीआधी तो वाचावा आणि त्याच्या ओळखीच्या विशेष शिक्षकांना बोलवावं.

भावाच्या शाळेतल्या बाईंनी त्याला चित्रांची कार्डं करून दिली होती. घर, दवाखाना, सुई, झोप. बोलता आलं नाही की तो त्यावर बोट ठेवायचा. ती कार्डं ते ११ दिवस आमच्या टेबलाच्या खणात होती. न्यावीत हे मला सुचलं नाही आणि दवाखान्यात कुणी मागितलीही नाहीत.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर