शेवटचा शब्द म्हणजे आडनाव नव्हे

महोदय,

परदेशी व्यक्तीच्या नावातील शेवटचा शब्द हे तिचे आडनावच असणार, असे बातम्यांत सर्रास गृहीत धरले जाते, ते बरोबर नाही. आइसलँडमध्ये योनचा मुलगा योनसन होतो आणि मुलगी योन्सदोत्तिर. म्हणजे सख्ख्या बहीणभावांचाही शेवटचा शब्द जुळत नाही, आणि म्हणूनच तेथील दूरध्वनी सूची पहिल्या नावाच्या क्रमाने लावली जाई. हंगेरी, चीन व जपानमध्ये तर कुळाचे नाव आधी येते.

अर्थाच्या बाबतीत मात्र माणसे सगळीकडे सारखीच. इंग्रजी स्मिथ, जर्मन श्मिट, हंगेरियन कोवाच, अरबी हद्दाद आणि इटालियन फेरारी (होय, मोटारवालेच) या सर्वांच्या मुळाशी लोहारकाम आहे. एकाच नावाच्या अनेकांतून भात्यापाशी बसणारा नेमका कोण, हे सांगण्याची ती सोय होती.

आडनाव पुरातनच असते, हाही गैरसमज आहे. जपानमध्ये ते १८७५ साली सर्वांना सक्तीचे झाले, तर तुर्कस्तानात १९३४ च्या कायद्याने. त्याच वर्षी तेथील राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमाल यांना संसदेने ‘अतातुर्क’, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव बहाल केले व इतरांना ते घेण्यास मनाई केली.

आपल्या संपादक मंडळाने परदेशी नावे छापताना एवढी खातरजमा करावी, ही विनंती.

– एक नियमित वाचक