नगररचना विभागातील रचना सहायक मॅडमना जाहीर आभारपत्र

माननीय महोदया,

सप्रेम नमस्कार.

सामान ठेवायला भाड्याने द्यायच्या खोल्यांच्या आमच्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ती वापरात आणण्याची परवानगी, हातात पडले त्या दिवशी आम्ही दोघे भागीदार पेढ्यांचा पुडा घेऊन आपल्या टेबलापाशी आलो होतो. आपण तो परत केलात आणि ‘हे माझे कामच आहे’ एवढेच म्हणालात. ते काम आपण कसे केलेत हे इतरांनाही कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

पुण्यात जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास सुरू झाला की दोन-तीन वर्षे भाड्याच्या लहान घरात राहणाऱ्या कुटुंबांपुढे शिसवी कपाट, देवघर, आजीचा पाटा-वरवंटा ठेवायचा कुठे, हा प्रश्न उभा राहतो. अशांसाठी कुलूपबंद खोल्या भाड्याने द्याव्यात, या विचाराने आम्ही शहराच्या कडेला जागा शोधत होतो. पहिल्या जागेचा विसार द्यायला दोनच दिवस उरले असताना आम्ही आपल्याकडे आलो. एजंटाने दिलेला झोन दाखला, म्हणजे जागा कोणत्या वापराच्या विभागात मोडते याचा दाखला, आपण पाहिलात, तो जुना असल्याचे सांगितलेत आणि विकास योजनेचा नकाशा उघडून प्रस्तावित रस्त्याची रेषा त्या जागेच्या दर्शनी भागातून जाताना दाखवलीत. आमची जन्माची पुंजी त्या रेषेखाली जाण्यापासून वाचली. सरकारी कार्यालयात ‘नाही’ ऐकून आनंद झाल्याचा आमचा तो पहिलाच अनुभव.

दुसऱ्या जागेच्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. नकाशा काढण्याआधीच सातबारा, मोजणीची ‘क’ प्रत (जमिनीच्या सरकारी मोजणीचा नकाशा) आणि नवा झोन दाखला घेऊन आपल्याला भेटलो. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे बांधकामाच्या नियमांत, गोदाम आहे, दुकान आहे; पण आमचा व्यवसाय नेमका कशात बसतो, हे आम्हालाच सांगता येत नव्हते. ‘शब्दात अडकू नका, तिथे दिवसभरात काय घडणार ते लिहून आणा,’ असे आपण सुचवलेत. काय साठवले जाईल आणि काय मुळीच ठेवू दिले जाणार नाही, किती गाड्या येतील, किती वाजता येतील, हे दोन पानांत लिहिताना आमचा स्वतःचा व्यवसाय आम्हाला पहिल्यांदा नीट समजला.

स्थळपाहणीचा दिवस आम्ही विसरणार नाही. मे महिन्याच्या उन्हात आपण स्वतः टेप धरून रस्त्याची रुंदी मोजलीत. समोरच्या सोसायटीतील मंडळींना रात्री ट्रक रस्त्यावर उभे राहण्याची भीती वाटत होती, आणि ती रास्तच होती. आपण फक्कीने इमारतीची हद्द आखायला लावलीत आणि आमच्या टेम्पोचालकाला आतल्या आत गाडी वळवून दाखवायला सांगितलेत. तीनदा प्रयत्न करूनही मागचे चाक फक्कीवरून गेलेच. त्यानंतर इमारत मागे सरकली आणि आमच्या सहा खोल्या कमी झाल्या. त्या वेळी मन खट्टू झाले होते. आज तिथे टेम्पो एका दमात वळतो आणि सोसायटीकडून एकही तक्रार आलेली नाही.

अग्निशमन विभागाकडे आपण आम्हाला नकाशा दाखल करण्यापूर्वीच पाठवलेत, हाही मोठा उपकार. प्रत्येक खोलीला वेगळे कुलूप आणि आत काय आहे ते फक्त ग्राहकाला ठाऊक, त्यामुळे आग लागली तर ती शोधणेच अवघड. तिथल्या अधिकाऱ्यांनी खोल्यांच्या भिंती छतापर्यंत न नेता वर लोखंडी जाळी बसवायला सांगितले, म्हणजे फवाऱ्याचे पाणी प्रत्येक खोलीत पोहोचते. भिंती उभ्या राहिल्यानंतर हे कळले असते तर त्या पाडाव्याच लागल्या असत्या.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ नुसार ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते, तेव्हा गप्प बसून दिवस मोजा, असा सल्ला आम्हाला कुणीतरी दिला होता. आम्ही तो आपल्यासमोर प्रांजळपणे मांडला. आपण रागावला नाहीत. नियमाविरुद्धचे बांधकाम अशा मानीव परवानगीनेही कायदेशीर ठरत नाही, हे त्याच कलमात बोट ठेवून वाचून दाखवलेत आणि आमच्या नकाशातील उरलेल्या दोन त्रुटी त्याच बैठकीत लिहून दिल्यात.

आपण पेढे घेतले नाहीत, पण हे पत्र परत करता येणार नाही. याची एक प्रत आपल्या वरिष्ठांच्या नावे आवक-जावक कक्षात दिली असून तिची शिक्क्यासह पोच आम्ही जपून ठेवली आहे.

आपले कृतज्ञ,
दोघे भागीदार