तक्रार: टेबल सॉचा फेन्स समांतर राहत नाही, पातळ पट्टी उडून अंगावर येते

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

तुमचं १० इंची टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत) मी मुख्यतः जाड लाकडातून पातळ पट्ट्या काढायला घेतलं, कारण तुमच्या जाहिरातीत तेच काम दाखवलंय. ५० मिमी जाडीच्या फळीतून ४ मिमीच्या पट्ट्या हव्यात, मोटरला ताकद आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार फेन्सची आहे, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून पात्याकडे सरळ ढकलतात त्या पट्टीची.

फेन्स लॉक केला की मागचं टोक पात्याकडे सरकतं. पात्याच्या एका दाताला खूण केली, तो दात पुढे ठेवून फेन्सपर्यंत माप घेतलं, मग तोच दात मागे फिरवून परत घेतलं, तर मागे जवळजवळ १ मिमी कमी भरतं. पातं टेबलच्या खाचेशी अगदी समांतर आहे, तेही मोजलंय, म्हणजे दोष फेन्सचाच. मॅन्युअलप्रमाणे स्क्रू ढिले करून फेन्स सरळ केला, पण उचलून परत लावला की पुन्हा तेच, कारण मागची पकड घट्ट बसतच नाही.

आता यात धोका काय ते नीट वाचा. लाकूड मागच्या बाजूला पातं आणि फेन्समध्ये दाबलं जातं, कडा जळून काळी पडते, आणि पात्याचे मागचे दात वर येत असतात ते लाकूड उचलून सरळ माणसाकडे फेकतात. माझ्याकडे एक पट्टी बाणासारखी मागे सुटली, मी पात्याच्या रेषेत उभा नव्हतो म्हणून वाचलो.

वरून तुमच्या मॅन्युअलमधल्या चित्रात पातळ पट्टी पातं आणि फेन्सच्या मधेच कापताना दाखवलीय! तिथे ४ मिमीच्या जागेत पुशस्टिक (लाकूड ढकलायची काठी) कुठून घालायची? पातळ पट्टी पात्याच्या मोकळ्या बाजूला पडायला हवी, म्हणजे ती कशातच अडकत नाही, पण त्यासाठी दर पट्टीला फेन्स सरकवून नव्याने लॉक करावा लागतो आणि तुमचा फेन्स दर वेळी वेगळा बसतो म्हणून प्रत्येक पट्टीची जाडी वेगळी. मग हे मशीन या कामाला चालतं असं सांगताच कसं?

फोनवर सांगितलं की लाकूड ओलं असेल, हळू ढकला. लाकूड सुकलेलं आहे, आणि हळू ढकललं की कडा अजून जळते. जाड लाकूड चिरलं की आतला ताण सुटून चीर मिटू शकते हे खरं, पण रायव्हिंग नाइफ (पात्यामागचा, चीर उघडी ठेवणारा पातळ पत्रा) त्यासाठीच असतो ना. तोही चुकीचा दिलाय. पात्याने पडणारी चीर १.८ मिमी रुंद आणि नाइफ २.२ मिमी जाड, मग लाकूड त्यावर जाऊन अडणारच. सोबतचं पातं ६० दातांचं आहे, उभ्या चिरीला (लाकडाच्या रेषांच्या दिशेने कापायला) २४ दातांचं लागतं, पण ते मी माझं आणीन.

मला फेन्स बदलून हवा, मागून पक्का धरणारा, आणि पात्याला जुळणारा नाइफ हवा. ते जमत नसेल तर मशीन परत घेऊन पूर्ण पैसे द्या. आणि मॅन्युअलमधलं ते चित्र काढा, ज्यांनी आधीच मशीन घेतलंय त्यांना तसं कळवा, कारण चित्र बघून कोणीतरी तसंच कापायला जाईल. मापांचे फोटो सोबत जोडलेत. उत्तर फोनवर नको, लेखी द्या.

आपला,
एक ग्राहक