जुन्या घरांची वायरिंग : सगळ्यांनी एकदा बघून घ्या

मंडळी, पावसाळ्याच्या आधी एक काम कराच. ज्यांची घरं जुनी आहेत, लाकडी पट्टीवरची वायरिंग आहे, त्यांनी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून बघा. आमच्या जुन्या घरात फ्यूजच्या जागी चक्क वायरीतली तांब्याची जाड तार गुंडाळलेली निघाली, म्हणजे लोड कितीही वाढला तरी फ्यूज उडणारच नाही, आधी भिंतीतली वायर तापणार आणि वर सगळं लाकूड! फ्यूज काढून योग्य अँपिअरचे एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडून लाइन बंद करणारे स्विच) बसवा, लाइट-पंख्याच्या 1.5 स्क्वेअर एमएम वायरवर गिझर किंवा मोटर अजिबात नको, त्यांना वेगळी जाड लाइन लागते.

आणि एमसीबी बसवला म्हणजे झालं असं समजू नका, तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो, माणसाला शॉक लागला तर बहुतेक वेळा तो पडतच नाही, त्यासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट अंगातून किंवा दुसरीकडे गळायला लागला की लगेच पडणारा स्विच) वेगळा लागतो. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबत जा, पडला नाही तर बदला.

अर्थिंग पण तपासून घ्या, पाण्याच्या पाइपला जोडलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे. कपडे वाळत घालायची तार पत्र्याला किंवा सर्व्हिस वायरच्या खांबाला बांधली असेल तर आजच सोडा, तिथे दोरी लावा. कुणाला शॉक लागलाच तर त्याला हात लावायच्या आधी मेन बंद करा, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. बाकी काम लायसनवाल्या वायरमनकडूनच.