संताप अभ्यासाचा विषय का नसावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाने २०१९ मध्ये गोऱ्या पुरुषांच्या संतापावर अभ्यासक्रम जाहीर केला, तेव्हा तेथील रिपब्लिकन खासदार रॉन एस्टिस यांनी तो विद्यार्थ्यांत फूट पाडणारा असल्याची टीका केली. १९५० च्या दशकापासून अमेरिका व ब्रिटनमध्ये हा संताप कसा वाढत गेला आणि त्याची मुळे कोठे आहेत, हे तपासणे हा त्याचा जाहीर हेतू होता. ‘अँग्री व्हाइट मेल स्टडीज’ हे नाव मात्र अकारण खोचक होते, हे टीकाकारांचे म्हणणे मला पटते.

कोकणाला हा विषय परका वाटू नये. १९८२ च्या गिरणी संपानंतर रोजगार गमावून रत्नागिरी-सिंधुदुर्गातील गावी परतलेल्या चाकरमान्यांपैकी कित्येकांचा राग गिरणीमालकांवर न निघता बायकामुलांवर आणि भावकीवर निघाला, कारण मनीऑर्डर थांबली की कर्त्या पुरुषाचा घरातील मानही ओसरतो. (दारूला दोष देऊन आपण मोकळे झालो, ते वेगळेच.) अशा रागाची कारणे शोधणे म्हणजे त्याचे समर्थन नव्हे आणि पुरुषांची बदनामीही नव्हे.

मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपकेंद्राने असा अभ्यासक्रम जरूर आखावा. फक्त त्याच्या शीर्षकात कोणत्याही समाजगटाचे नाव घालू नये.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, चिपळूण